हीणकस नाण्याचे आयुष्य : मार्क अँटनीचा लीजनी दिनारिअस

आपल्याकडच्या जुन्या चांदीच्या पावलीपेक्षा किंचित लहान, पण बोटांना जाड लागणारे नाणे. एका बाजूला वल्ह्यांचे लढाऊ जहाज. दुसऱ्या बाजूला उभ्या तीन काठ्या : मधलीवर गरुड, दोन्ही अंगांना सैन्याची निशाणे. बहुतेक वेळा हे नाणे इतके झिजलेले मिळते की वल्ही कोणती आणि ओरखडे कोणते ते सांगता येत नाही. गरुडाखालचा आकडा भिंगातूनही अर्धाच लागतो. नाणी जमवणारे याला लीजनी दिनारिअस म्हणतात. दिनारिअस म्हणजे रोमचे चांदीचे चलनी नाणे, ज्याच्या नावावरून संस्कृतातला ‘दीनार’ आला. लीजन म्हणजे रोमन सैन्याची सुमारे पाच हजारांची पलटण.

हे नाणे मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये पाडले. ज्या लढाईसाठी पाडले ती तो हरला. वर्षभरात त्याने जीव दिला आणि त्याचे नाव पुसून टाकण्याचे ठराव रोममध्ये झाले. नाणे मात्र पुढे पावणेतीनशे वर्षे लोकांच्या थैल्यांतून फिरत राहिले. त्याच्या आधीची आणि नंतरची कितीतरी चांगली नाणी या काळात वितळली, पुरली गेली, चलनातून गेली. हे टिकले, कारण त्यात चांदी कमी होती. वाणिज्य शाखेत ‘वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हुसकावतो’ हा ग्रेशॅमचा नियम एका ओळीत शिकवतात आणि पुढच्या धड्याकडे जातात. त्या एका ओळीचे इतके लांबलचक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

शिपाई लाख, चांदी मोजकी

ज्युलियस सीझरच्या खुनानंतर रोमची सत्ता तिघांनी वाटून घेतली : अँटनी, सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन आणि लेपिडस. इ.स.पू. ४३ मध्ये कायद्याने या त्रिशासक मंडळाला पाच वर्षांचे अधिकार मिळाले, मग आणखी पाच वर्षे वाढवून मिळाली. लेपिडस ३६ मध्येच बाजूला फेकला गेला. पश्चिम ऑक्टेव्हियनकडे आणि पूर्व अँटनीकडे, अशी उरलेल्या दोघांची वाटणी होती. अँटनीची लग्नाची बायको ऑक्टेव्हिया ही ऑक्टेव्हियनची सख्खी बहीण. त्याचा संसार मात्र इजिप्तच्या क्लिओपात्राबरोबर. इ.स.पू. ३२ मध्ये त्याने ऑक्टेव्हियाला सोडचिठ्ठी पाठवली. ऑक्टेव्हियनने त्याचे मृत्युपत्र मिळवून ते रोममध्ये जाहीर वाचले आणि युद्ध पुकारले. पण पुकारले ते क्लिओपात्राविरुद्ध. रोमन माणसाने रोमन माणसाविरुद्ध युद्ध पुकारल्याचे दिसू नये, एवढी काळजी त्याने घेतली.

त्या हिवाळ्यात अँटनीचा तळ ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर, पात्री म्हणजे आजच्या पात्रास शहरात होता. ही नाणीही बहुधा तिथेच, सैन्याबरोबरच्या टांकसाळीत पडली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने त्याच्या फौजेचे आकडे दिले आहेत : पायदळ एक लाख, घोडदळ १२ हजार, लढाऊ जहाजे ५०० हून कमी नाहीत. आकडे थोडे फुगवलेले असतील, पण नाण्यांवर दोनपासून तेवीसपर्यंत लीजनांचे क्रमांक आहेत, तेव्हा लाखाचा अंदाज फार चुकीचा नसावा.

आता हिशेब मांडू. सीझरने पगार दुप्पट केल्यापासून साध्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनारिअस होता. एक लाख शिपाई धरले तर वर्षाला २ कोटी २५ लाख नाणी. एका रोमन पौंडात ८४ दिनारिअस पाडायची रीत होती, म्हणजे एक नाणे ३.८ ग्रॅमच्या वर. एवढ्या नाण्यांना सुमारे ८५ टन धातू लागतो. यात सेंच्युरियनांचे, म्हणजे तुकडीच्या नायकांचे, जादा पगार नाहीत, घोडदळ नाही, वल्हेकरी नाहीत आणि जिंकल्यावर द्यायची बक्षिसेही नाहीत. हा हिशेब माझा आहे, अँटनीच्या खजिनदाराचा नाही. पण त्यातून एक गोष्ट हाताला लागते : नाण्यात शंभरात एक भाग चांदी कमी घातली तर सव्वादोन लाख नाण्यांची चांदी वाचते, म्हणजे एक हजार शिपायांचा वर्षाचा पगार. टांकसाळीच्या मुशीत तांब्याचा एक जादा तुकडा टाकायचा आणि हजार माणसे पोसायची. हा मोह कोणत्या सेनापतीला आवरला असता?

पैसा अजिबातच नव्हता असेही नाही. प्लुटार्क सांगतो की क्लिओपात्राने युद्धासाठी २० हजार टॅलंट (चांदी मोजायचे मोठे माप) आणि सगळ्या सैन्याची रसद दिली. पण तिच्या स्वतःच्या टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार ड्रॅक्मांच्या, नाण्यांत निम्म्याहून कमी चांदी होती. इजिप्तमध्ये ते खपून जाई, कारण तिथले चलन बंदिस्त होते. बाहेरची नाणी आत चालत नसत, त्यामुळे राजा ठरवील ती किंमत. रोमन शिपायाचे तसे नव्हते. त्याला दिनारिअसच हवा, कारण तो घरी, इटलीत, स्पेनमध्ये, कुठेही चालायला हवा. तेव्हा नाणे दिसायला रोमन असणे भाग होते आणि चांदी मात्र पूर्वेकडे मिळेल तेवढीच होती.

समोर ऑक्टेव्हियननेही पैसा उभा केला, पण वेगळ्या वाटेने. त्याने इटलीतल्या नागरिकांकडून उत्पन्नाचा चौथा हिस्सा मागितला आणि ठरावीक मालमत्ता असलेल्या मुक्त गुलामांकडून मालमत्तेचा आठवा. दंगे झाले, जाळपोळ झाली. प्लुटार्कच्या मते त्याच वेळी अँटनीने इटलीवर चाल केली असती तर निकाल वेगळा लागला असता. ती वेळ अँटनीने घालवली. एकाने कर उघड मागितला आणि शिव्या खाल्ल्या. दुसऱ्याने तो नाण्याच्या पोटात लपवला. ज्यांच्याकडून तो वसूल होत होता, ते शिपाई तोच पगार म्हणून आनंदाने मोजून घेत होते.

नाण्यावर काय आहे, आणि काय नाही

नाण्यावर चेहरा नाही.

आज हे खटकणार नाही, पण त्या दशकात खटकायला हवे. रोममध्ये जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर आणायचा नाही, हा जुना संकेत ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला मोडला. दोन महिन्यांत त्याचा खून झाला. मारेकऱ्यांतला ब्रूटस, जो प्रजासत्ताकाचा कैवारी म्हणवत होता, त्याने दीड-दोन वर्षांत स्वतःचा चेहरा नाण्यावर छापला आणि मागे दोन खंजीर व खुनाची तारीख घातली. तिथून पुढे सगळ्यांनीच चेहरे छापले. अँटनीचाही जाड मानेचा, पुढे आलेल्या हनुवटीचा चेहरा त्याच्या डझनावारी नाण्यांवर आहे. युद्धाच्या थोडेच आधी त्याने एक दिनारिअस पाडला, त्याच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला क्लिओपात्रा, ‘राजांची राणी’ असे बिरुद लावून.

आणि नेमक्या पगाराच्या या नाण्यावर दोघेही गायब. का, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण ऑक्टेव्हियनचा सगळा प्रचार ‘अँटनी परक्या राणीच्या मुठीत गेला’ या एका वाक्यावर चालला होता. अशा वेळी रोमन शिपायाच्या तळहातावर राणीचा चेहरा ठेवणे म्हणजे शत्रूची पत्रके आपणच वाटणे. माझ्या मते अँटनीच्या गोटातल्या कोणाला तरी हे नीट कळले होते. नाण्यावर त्यांनी शिपायाचेच घर आणले : त्याच्या पलटणीचा आकडा आणि तिचा गरुड. हा गरुड म्हणजे लीजनचे दैवतच. तो शत्रूच्या हाती पडणे याइतकी नामुष्की नाही. रोमन सेनापती क्रॅससने इ.स.पू. ५३ मध्ये इराणकडच्या पार्थियनांशी लढताना गरुड गमावले, पुढे अँटनीच्या मोहिमेतही निशाणे गेली. ती परत मिळवायला ऑक्टेव्हियनला, म्हणजे तोवर सम्राट झालेल्या ऑगस्टसला, इ.स.पू. २० साल उजाडले, आणि मिळाल्यावर त्याने गुडघे टेकून निशाण परत करणारा पार्थियन आपल्या दिनारिअसवर छापला.

लीजनी नाण्यांवर बहुतेक ठिकाणी नुसता क्रमांक येतो. तीन पलटणींना नावेही आहेत : बारावी ‘अँटिका’ म्हणजे जुनी, सतरावी ‘क्लासिका’ म्हणजे आरमाराची, अठरावी ‘लिबिका’ म्हणजे लिबियाची. दोन प्रकार अँटनीच्या अंगरक्षक तुकड्यांचे आणि टेहळ्यांचे आहेत. सतरा, अठरा, एकोणीस हे आकडे पाहून नवखा संग्राहक हरखतो, इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात कापली गेलेली तीन लीजने हीच, असे त्याला वाटते. ती वेगळी, ऑक्टेव्हियनच्या बाजूची होती. तेविसाच्या पुढचे आकडे दिसले तर खिशाला हात घालण्याआधी चार वेळा विचार करावा. त्यांतली बहुतेक नंतर कोणीतरी खोदून बदललेली आहेत.

जहाजाच्या बाजूचा मजकूर दोन तुकड्यांत आहे. वर ‘अँट. ऑग.’. हा ‘ऑग’ म्हणजे ऑगस्टस नव्हे. ती पदवी ऑक्टेव्हियनला इ.स.पू. २७ मध्ये मिळाली. इथे तो ऑगर, म्हणजे पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहणारा पुरोहित. खाली तीन उभ्या रेघा आणि पुढे संक्षिप्त अक्षरे : ‘राज्यव्यवस्था मार्गी लावण्यासाठी नेमलेल्या तिघांपैकी एक’. गंमत अशी की त्या तिघांची दुसरी मुदत इ.स.पू. ३३ च्या अखेरीस संपली होती. ऑक्टेव्हियनने ते पद वापरणे सोडून दिले. अँटनी मात्र संपलेल्या पदाची पाटी लाखो नाण्यांवर ठोकत राहिला, कारण ती पाटी गेली तर तो नुसता एका राणीचा सेनापती उरत होता.

लोखंडाचा आरोप

या नाण्यावरची सगळ्यात प्रसिद्ध टीका शंभर वर्षांनंतरची आहे. रोमन ग्रंथकार थोरल्या प्लिनीने लिहिले की त्रिशासक अँटनीने दिनारिअसमध्ये लोखंड मिसळले. तिथेच तो नाणी खोटी करण्याच्या इतर तऱ्हाही सांगतो : कोणी तांबे मिसळतात, कोणी वजन मारतात.

धातूच्या बाजूने पाहिले तर हे पटत नाही. चांदी आणि लोखंड एकमेकांत विरघळत नाहीत. एका मुशीत वितळवली तरी तेल-पाण्यासारखी वेगळी राहतात. आधुनिक तपासणीत या नाण्यांतले हीण तांब्याचे निघते. चांगल्या प्रजासत्ताकी, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातल्या, दिनारिअसमध्ये ९५ टक्क्यांच्या वर चांदी असे. अँटनीच्या या नाण्यांत ती त्याहून स्पष्टपणे कमी आहे, आणि एका नाण्याचा कस दुसऱ्याशी जुळेलच असे नाही. घाईघाईत, मिळेल ती चांदी वितळवून काम चालले असेल तर हे होणारच.

मग प्लिनीने लोखंड का लिहिले? तो नाणी तपासायला बसला नव्हता. त्याच्यापर्यंत जे आले ते ‘अँटनीचा पैसा खोटा’ एवढे बाजारातले बोलणे असावे. हरलेल्या माणसाच्या नाण्यात हीण असेल तर ते तांब्याचे कशाला, लोखंडाचेच असू द्या! आपल्याकडे ‘चांदीत शिसे घातले’ म्हणतात त्यातला प्रकार.

बाजाराला मात्र नाण्याचा कस चांगला कळत होता. या नाण्यांवर छोटे छोटे ठोके, अर्धचंद्र, अक्षरासारख्या खुणा वारंवार दिसतात. नाणे पारखून घेणाऱ्या पेढीवाल्यांनी त्या मारल्या आहेत. आपल्या जुन्या रुपयांवरच्या सराफी खुणा ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे नवे नाही. काही नाण्यांना छिन्नीने छेदही दिलेला असतो, कारण मुलाम्याची नाणीही फिरत होती : आत तांबे, वर चांदीचा पत्रा. संशय होता, पारख होती, पण नाणे नाकारले गेले नाही. एक दिनारिअस म्हणजे एक दिनारिअस, तो चोख असो की हीणकस. वाण्याकडे दोन्हींची किंमत एकच. आपल्या पेशवाईतल्या बाजारात प्रत्येक जातीच्या रुपयाला वेगळा बट्टा लागे. रोमन राज्यात शिक्क्याचा मान राखला जाई, आणि पुढची सगळी गोष्ट त्या समान किमतीमुळे घडली.

सात दिवस

लढाईबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टेव्हियनचा सेनानी अग्रिप्पा याने आधी ग्रीसच्या किनाऱ्यावरची ठाणी एकेक करून घेतली आणि अँटनीची रसद तोडली. त्याच किनाऱ्यावरच्या अ‍ॅक्टियम इथल्या अँटनीच्या तळावर उपासमार आणि रोगराई सुरू झाली, मोठमोठे सरदार रात्रीतून पलीकडे गेले. २ सप्टेंबर इ.स.पू. ३१ रोजी समुद्रात लढाई झाली. ऐन लढाईत क्लिओपात्राची जहाजे शीड उभारून निघाली आणि अँटनी तिच्यामागे गेला.

पायदळ किनाऱ्यावर तसेच उभे होते. प्लुटार्क म्हणतो, ते सात दिवस उभे राहिले. ऑक्टेव्हियनचे निरोप येत होते, ते नाकारत होते, आपला सेनापती परत येईल अशी वाट पाहत होते. मग त्यांचा सेनानी कॅनिडियसही रात्री पळाला, आणि लीजने दुसऱ्या बाजूला मिळाली.

माझ्या दृष्टीने नाण्याचे खरे नशीब या सात दिवसांत ठरले. समजा हे सैन्य कापले गेले असते, तर ही नाणी विजेत्यांनी लुटली असती आणि बरीचशी वितळली असती. पण सैन्य जगले आणि ऑक्टेव्हियनच्या सैन्यात मिसळले. काही लीजने मोडली, काही पुढे शतकानुशतके चालली. अँटनीचे सहावे लीजन त्यांतलेच. निवृत्त शिपायांना जमिनी मिळाल्या, काहींना खुद्द पात्रासमध्येच. प्रत्येकाच्या कमरपट्ट्यात गरुडाची नाणी होती. ती आता विजेत्याच्या माणसांची बचत होती.

अँटनीच्या एका सरदाराचे उदाहरण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिनारियस स्कार्पस उत्तर आफ्रिकेत सायरेनैकाच्या चार लीजनांवर होता. त्याने अँटनीच्या नावाने, स्वतःचे नाव जोडून, दिनारिअस पाडले. अ‍ॅक्टियमची बातमी आली. अँटनी मदतीला आला तर याने त्याला दारात उभे केले नाही. मग त्याच टांकसाळीतून, तशीच, पण ऑक्टेव्हियनच्या नावाची नाणी निघाली. एका बाजूला उघडा तळहात आहे. हात देऊ करतोय की मागतोय, ते पाहणाऱ्याने ठरवावे.

नाव पुसले, नाणे राहिले

इ.स.पू. ३० मध्ये अँटनी मेला. रोममध्ये त्याचे पुतळे उतरवले गेले, त्याचे सन्मान रद्द झाले, आणि अँटनी घराण्यात पुढे कोणाचे नाव ‘मार्कस’ ठेवायचे नाही असा ठराव झाला. त्या वेळी कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च पदावर होता प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचा मुलगा. अँटनीनेच सिसेरोला मारवून त्याचे शिर आणि हात भर चौकात टांगले होते. सूड म्हणावा तर असा.

एवढे असूनही त्याचे नाव असलेली नाणी परत मागवली गेली नाहीत. ऑक्टेव्हियनकडे पैसा नव्हता असे म्हणता येणार नाही. इजिप्तचा खजिना रोमला आला तेव्हा व्याजाचा दर १२ टक्क्यांवरून त्याच्या एकतृतीयांशावर घसरल्याचे इतिहासकार कॅसियस डायो सांगतो. त्याने मगरीचे चित्र आणि ‘इजिप्त काबीज’ असा मजकूर असलेला झकास दिनारिअसही पाडला. पण अँटनीचे नाणे परत घ्यायचे म्हणजे कमी चांदीच्या बदल्यात पुरी चांदी द्यायची, तीही कोट्यवधी नाण्यांची. तोटा सरकारचा. नाही घ्यायचे आणि अमान्य करायचे, तर तोटा आपल्याच माजी सैनिकांचा. नाव पुसण्याची हौस इतकी महाग पडणार असेल तर चतुर माणूस पुतळ्यांवर भागवतो.

आपल्या नाशिककडे याच्या उलट घडलेले दिसते. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवले आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा शिक्का पुन्हा ठोकून घेतला. १९०६ साली जोगलटेंभीला सापडलेल्या निधीत, म्हणजे पुरून ठेवलेल्या साठ्यात, नहपानाची १३ हजारांवर नाणी होती; त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर असे पुनर्मुद्रण आहे. शत्रूच्या नाकावर उमटलेली सातवाहन चिन्हे आजही दिसतात. नहपानाची चांदी चांगली होती, त्यामुळे नुसते नाव बदलून भागले. ऑक्टेव्हियनला तेही परवडले असते, पण त्याने ते केले नाही.

आता ग्रेशॅमच्या नियमाचे काम सुरू झाले. समजा एखाद्याकडे दोन दिनारिअस आहेत, एक चोख, एक गरुडाचा. वाण्याला कोणता देणार? गरुडाचा. वाणी पुढे कोणता देणार? तोच. चोख नाणे गाडग्यात जाते, सोनाराकडे जाते, परदेशी व्यापाऱ्याच्या हाती जाते. हीणकस नाणे हातोहात फिरते आणि झिजते. झिजल्यावर त्याला साठवून ठेवावे असे कोणालाच वाटत नाही, म्हणून ते आणखी फिरते. रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मन टोळ्यांबद्दल लिहिले आहे की त्यांना जुनी ओळखीची नाणीच आवडतात : कडेला दाते असलेली आणि दोन घोड्यांच्या रथाची. ती चोख चांदीची प्रजासत्ताकी नाणी. गरुडाचे नाव त्यात नाही.

भारतातही हेच दिसते. दक्षिणेत सापडलेल्या रोमन दिनारिअसांच्या निधींत बहुसंख्य नाणी दोनच सम्राटांची आहेत, ऑगस्टस आणि टायबेरियस, आणि त्यांचेही ठरावीक एक-दोन प्रकार. अँटनीनंतर चलन पुन्हा चोख झाले, त्या काळातली ही नाणी. भडोचच्या बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलताना नफा मिळतो, असे ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेचा अनामिक लेखक नोंदवतो. नफा वजनावर आणि कसावर होता. श्रीलंकेच्या राजाने एका रोमन माणसाजवळचे दिनारिअस पाहिले आणि चेहरे वेगवेगळे असून वजन सारखेच म्हणून तो प्रभावित झाला, अशी कथा प्लिनीच सांगतो. असा गिऱ्हाईक समोर असेल तर तिथे झिजका गरुड कोण नेणार? तो घरी वाण्यासाठी ठेवायचा.

नीरो, ट्रेजन आणि झिजलेला गरुड

इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने दिनारिअसचे वजन उतरवले. एका पौंडात ८४ ऐवजी ९६ नाणी, आणि चांदीचा कसही खाली. त्या दिवसापासून आधीचे प्रत्येक चोख नाणे नव्या नाण्यापेक्षा महाग झाले, आणि ते वितळवण्यात नफा आला. अँटनीचे नाणे मात्र नव्वद-पंचाण्णव वर्षे झिजून हलके झाले होते आणि मुळातच हीणकस होते. त्यात जवळपास नव्या नाण्याएवढीच चांदी उरली होती. वितळवून हाती काय येणार? काही नाही. म्हणून ते राहिले.

इ.स. १०७ च्या सुमारास सम्राट ट्रेजनने जुनी, झिजलेली नाणी गोळा करून वितळवली, असे डायो लिहितो. त्यानंतरच्या निधींतून प्रजासत्ताकी दिनारिअस जवळपास नाहीसे होतात. अपवाद एकच, लीजनी नाणी. ‘झिजलेली’ हा जर निकष असता तर सगळ्यांत आधी हीच जायला हवी होती. म्हणजे सरकारला काय गोळा करायचे होते ते उघड आहे. झीज हे निमित्त, चांदी हे कारण.

तोवर नाण्यावरचे नाव वाचणारेही फारसे राहिले नसावेत. गरुड, जहाज, जुना पैसा, एवढीच ओळख. आणि मग या नाण्याच्या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग येतो. इ.स. १६० च्या दशकात मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस हे सहसम्राट होते. त्यांनी हे नाणे पुन्हा पाडले. तेच जहाज, तोच गरुड, सहाव्या लीजनचा आकडा, आणि अँटनीचे नाव त्याच्या जुन्या पदासह. भोवती फक्त एवढे जोडले : ‘अँटोनिनस आणि व्हेरस यांनी पुनर्स्थापित केले’. घराण्यात मार्कस नाव नको असा ठराव झालेल्या माणसाचे नाणे, मार्कस नावाच्याच सम्राटाने, दोनशे वर्षांनी, सन्मानाने. व्हेरसच्या नावावर नुकतीच पार्थियनांविरुद्धची मोहीम झाली होती आणि सहावे लीजन पूर्वेकडेच होते, हे कारण असू शकेल. पण प्रत्येक छावणीत, प्रत्येक पगाराच्या ढिगात हे जुने नाणे अजून दिसत होते, म्हणूनच नव्या नाण्याला अर्थ होता. वितळून गेलेल्या नाण्याची आठवण कोणी छापत नाही.

इ.स. १९३ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरस सत्तेसाठी लढायला निघाला, तेव्हा त्यानेही आपल्या बाजूच्या लीजनांचे आकडे आणि गरुड दिनारिअसवर घातले. नमुना कुणाचा होता ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी त्याने चांदीचा कस जवळपास निम्म्यावर आणला.

आणि इथे पारडे फिरले. एका सकाळी अँटनीचा झिजलेला, हीणकस, सव्वादोनशे वर्षांचा दिनारिअस हा बाजारातला चांगला पैसा झाला. इतकी वर्षे ज्या नियमाने त्याला चलनात ठेवले, तोच आता त्याला चलनातून काढू लागला. सेव्हेरसचा मुलगा कॅराकॅल्ला याने इ.स. २१५ मध्ये नवे मोठे नाणे काढले. दर्शनी किंमत बहुधा दोन दिनारिअस, आणि चांदी दीड दिनारिअसची. मग तर जुना गरुड हाती लागला की लोक तो बाजूला ठेवू लागले.

बल्गेरियात, वर्नाजवळ रेका देव्निया येथे, प्राचीन मार्सियानोपोलिस शहराच्या जागी, १९२९ मध्ये एक निधी सापडला. एक लाखाहून अधिक दिनारिअस, वजन सुमारे ३५० किलो. त्यांपैकी ८१ हजारांहून अधिक नाण्यांची नोंद झाली. शेवटचे नाणे इ.स. २५० च्या आसपासचे. पुरणाऱ्याने बऱ्यापैकी चांदीचीच नाणी निवडून ठेवलेली दिसतात. यादीच्या शेवटी त्याच्या काळातली नाणी आहेत, मध्ये सगळे सम्राट आहेत, आणि सर्वांत वर, सर्वांत जुनी म्हणून, अँटनीची जहाजाची आणि गरुडाची नाणी आहेत.